पाकिटातली हळद

देवावर माझा विश्वास आहे, पण तो भांडखोर विश्वास आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे सकाळी आंघोळ करून देवापुढे डोळे मिटून बसतात आणि शांत होऊन उठतात. मी बसले की गाऱ्हाणीच सुरू होतात. वात लावता लावता दोन शब्द ऐकवते, तुळशीला पाणी घालता घालता आणखी दोन. वसमतजवळच्या आमच्या गावातल्या बायका म्हणतात, हिच्या घरी यायला देवसुद्धा भीत असेल. पण एवढ्या वर्षांत आमचं बोलणं कधी बंद पडलं नव्हतं. ते पडलं एकदाच, काठमांडूला, ज्या संध्याकाळी माझं पाकीट चोरीला गेलं तेव्हा.

हे शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाले आणि मुलानं आम्हा दोघांना नेपाळच्या सहलीला पाठवायचं ठरवलं. नांदेडहून यात्रा निघणार होती, सोबत आचारी, तीस-चाळीस आपलीच माणसं. आयुष्यात पहिल्यांदाच देशाची हद्द ओलांडायची म्हणून मी आठवडाभर आधीपासून पापड-चटण्या बांधत होते. आमच्याकडे कुणी लांबच्या देवाला निघालं की आदल्या दिवशी गल्लीतली माणसं भेटायला येतात आणि आपापल्या नावानं काहीतरी हातात देतात. कुणी सुपारी देतं, कुणी खारीक, कुणी मूठभर तांदूळ. आपल्याला जाणं होत नाही तर निदान आपल्या घरची वस्तू तरी देवापर्यंत जावी, एवढाच त्यातला भाव. जाणाऱ्यानं ते सगळं सांभाळून न्यायचं आणि ज्याच्या त्याच्या नावानं वाहायचं.

आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी गयाकाकूही आल्या. काकू म्हणजे ह्यांच्या चुलती, माझ्या चुलत सासू. मी लग्न होऊन आले तेव्हा मला चुलीवर भाकरी थापता येत नव्हती आणि ते सासूबाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून रोज पहाटे मागच्या दारानं येऊन भाकरी करून जाणारी ही बाई. त्यांच्या पोटात गाठ निघाली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि उशीर करू नका असंही बजावलं होतं. पण काकू जायला तयार नव्हत्या. काका असेच ऑपरेशनला म्हणून चालत गेले होते आणि परत आले ते गाडीत आडवे. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की काकू भिंतीकडे तोंड करून निजायच्या. त्यांचा मुलगा सुभाष रडला, सून रडली, मी तर चांगली भांडले. कशाचाही उपयोग झाला नव्हता.

त्यांनी पिवळ्या फडक्यात बांधलेली मूठभर हळकुंडं माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "माझ्या वावरातली हाय. ही गेली म्हंजे मीच गेले समज."

मी म्हटलं, "काकू, महादेवाला हळद चालत न्हाई."

"मला शिकवू नको. महादेवाजवळ देवी असंलच की. तिला वाहा, आन् त्यातलं एक हळकुंड तिच्या अंगाला लावून परत आण. ते हाताला बांधून मी दवाखान्यात जाते. तुझ्या काकांनी मला पशुपतीला नेतो म्हणले व्हते, ते ऱ्हायलंच. आता देवीला हळद लागली असं तू फोनवर सांग, त्या दिवशी मी पिशवी भरते."

सुभाष दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या फडक्याचं वजन एकदम कळलं. ज्या बाईनं लेकाचं ऐकलं नाही, डॉक्टरचं ऐकलं नाही, तिचं जाणं न जाणं आता त्या मूठभर हळकुंडांवर होतं आणि ती माझ्या हातात होती.

आता ती ठेवायची कुठे? पेटीत कपड्यांखाली, चपलांच्या शेजारी देवाची हळद ठेवायची नाही. ह्यांचं पाकीट चामड्याचं, त्यात तर नाहीच नाही. म्हणून सकाळी नांदेडला जाता जाता मी वसमतच्या बाजारातून लांब पट्ट्याचं जाड कापडी पाकीट घेतलं. फडकं त्यात ठेवलं, वर रुमाल आणि वाटखर्चाच्या चार नोटा. बाकी सगळे पैसे मी कुठे ठेवले असतील? शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात, तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. आमच्याकडच्या बायकांची ही जुनी खोड. पैसे डाळीत, तांदळात, चटणीत. चोरानं कपाट फोडावं, चटणी कोण उपसणार!

काठमांडूला पोचलो त्या दिवशी दुपारनंतर मोकळा वेळ होता. दर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही काहीजण बाजारात फिरायला निघालो. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंनी पितळेची भांडी, मण्यांच्या माळा, लोकरीच्या शाली, आणि माणसांची अशी दाटी की पाय उचलला तर परत ठेवायला जागा नाही. हळदीनं टम्म फुगलेलं माझं पाकीट मी खांद्याला अडकवलं होतं आणि मोठ्या ऐटीत मिरवत होते. एका दुकानात नातीसाठी टोपी पाहायला थांबले आणि पैसे काढायला हात खाली नेला, तर हाताला फक्त पट्टा लागला. तो ब्लेडनं कापलेला होता.

मी ओरडले. माणसं जमली, इकडेतिकडे पळाली, पण त्या गर्दीत काय सापडणार? आमचे यात्राप्रमुख धावत आले आणि घाबरून विचारू लागले, "ताई, किती गेले? ओळखपत्र होतं का त्यात?" ओळखपत्रं त्यांच्याचजवळ होती. चार नोटा सोडल्या तर पैसे चटणीत होते. हे कळल्यावर आधी यात्राप्रमुख हसले, मग हे हसले, मग सोबतची सगळीच हसायला लागली. कळमनुरीच्या एक विमलताई होत्या आमच्यात, पुढे लुंबिनीला बुद्धांच्या जन्मस्थानाचं दर्शन घ्यायचं म्हणून आलेल्या. त्यांनाही हसू आवरेना. हे म्हणाले, "बिचारा चोर! एवढा जीव धोक्यात घातला आन् घरी जाऊन बघतो तर हळद!"

मीही तोंडदेखली हसले. काय सांगणार होते मी? माझं काहीच गेलं नव्हतं आणि सगळं गेलं होतं. खोलीत आल्यावर न्हाणीघराचं दार लावून नळ सोडला आणि मनसोक्त रडले. रडून झाल्यावर देवाला म्हटलं, मूठभर हळद होती रे. सोनं नव्हतं, नाणं नव्हतं. तिकडे एक बाई तुझ्या भरवशावर जीव टांगून बसली आहे आणि तुला तेवढी हळद सांभाळता येऊ नये? आता मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि खरंच त्या रात्री मी हात न जोडता झोपले.

सकाळी पशुपतीचं दर्शन झालं. चांदीचे दरवाजे, नंदी, खाली वाहणारी बागमती, सगळं पाहिलं, पण कुणाच्या तरी लग्नात बोलावणं नसताना गेल्यासारखं वाटत राहिलं. बाहेर आलो आणि फोन वाजला. सुभाषचा होता. मी तो वाजू दिला. हे माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचं आदल्या संध्याकाळचं हसू केव्हाच मावळलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "असं कर, इथं कुठलीबी हळद घे, देवीला वाहा आन् एक हळकुंड घेऊन चल. काकूला काय कळणार हाय? तिचा जीव वाचला म्हंजे झालं."

वाईट सुचवत नव्हते ते. मीही रात्रभर तोच विचार करत होते. पण काकूंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं की त्यांना सगळं कळतं. भाकरी करपली तरी त्या माझ्या चालण्यावरून ओळखायच्या. आणि समजा नाहीच कळलं, तरी ऑपरेशनच्या टेबलावर त्या खोट्या हळकुंडाला घट्ट धरून पडलेल्या काकू माझ्या डोळ्यांपुढे येत होत्या. खरं सांगावं तर त्या दवाखान्यात जाणार नाहीत, खोटं सांगावं तर माझी जीभ उचलत नाही. हे पुढे चालले होते, मी मागून पाय ओढत होते.

देवीचं गुह्येश्वरीचं देऊळ तिथून चालत जाण्यासारखं आहे. वाटेत चढउतार आहे, दगडी पायऱ्या आहेत आणि माझे गुडघे तर काय, विचारूच नका. मध्यावर एक छोटं किराण्याचं दुकान लागलं. मी तिथल्या दगडी ओट्यावर मटकन बसले आणि ह्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. दुकानात एक म्हातारी होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. थंडीचे दिवस, दगड बर्फासारखा गार. तिनं माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि घडी घातलेलं एक रिकामं गोणपाट आणून माझ्यापुढे धरलं. मी उठले, तिनं ती घडी तशीच ओट्यावर ठेवली, मला हाताला धरून बसवलं आणि परत आपल्या तागडीमागे जाऊन बसली. अनोळखी गावात कुणी असं हाताला धरलं की आपला धीर सुटतो. माझे डोळे पुन्हा भरून आले. किती वेळ बसले होते कोण जाणे. हे परत बोलवायला आले तेव्हा उठले आणि रिकामं गोणपाट तिला उचलून द्यावं म्हणून घडी हातात घेतली.

घडी उलगडली. आत निळ्या शाईत ठसा होता. एका व्यापाऱ्याची खूण, आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरांत वसमत.

मी आधी पुसट झालेली ती चार अक्षरं बोटानं वाचली. मग ह्यांना वाचायला लावलं. वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या बाजारात, असल्या गोण्यांच्या थप्प्या जन्मभर पाहिल्या आहेत आम्ही. त्यांच्यावरून उड्या मारत मुलं मोठी झाली. तरी ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मी त्या गोणपाटाला नमस्कार केला आणि त्यावर बसले म्हणून कान धरले. म्हातारी आश्चर्यानं बघत होती. तिला मोडकं हिंदी येत होतं, माझं तिच्याहून मोडकं. मी विचारलं, "ये बोरी में क्या आया था?" ती म्हणाली, "बेसार. इंडिया का बेसार." बेसार म्हणजे काय ते मला कळेना, तेव्हा तिनं मागच्या डब्यात हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली. हळकुंडं होती.

एक मोडून पाहिलं, वास घेतला. आमच्या अंगणात शिजवलेल्या हळदीचा जो वास माघ-फाल्गुनात कपड्यांतून जात नाही, तोच. मी तिला सगळं सांगितलं. हिंदी संपलं तिथे मराठी बोलले, मराठी संपलं तिथे पोटावर हात ठेवून गाठ दाखवली, पट्टा कसा कापला ते हातानं दाखवलं. तिला किती समजलं मला माहीत नाही. तिनं कागदाच्या पुड्यात दोन मुठी हळकुंडं बांधली. ह्यांनी खिशात हात घातला तर तिनं तो तिथेच दाबून धरला आणि जोरजोरात मान हलवली. मग विचारलं, आपके उधर कौन भगवान? मी म्हटलं, नागनाथ, ज्योतिर्लिंग. ज्योतिर्लिंग शब्द ऐकताच तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. तांदळाच्या पोत्यातून चिमूटभर तांदूळ घेतले, लाल कापडाच्या तुकड्यात गाठ मारली आणि ती पुरचुंडी माझ्या तळव्यावर ठेवून माझी बोटं मिटली. "मेरा भी उधर ले जाना," एवढंच म्हणाली.

गल्लीतल्या बायका म्हणतात तसंच. अगदी तसंच.

गुह्येश्वरीला उभी मूर्ती नाही. गाभाऱ्यात खाली, जमिनीलगत कलशाची जागा आहे आणि तिथे पाणी आहे. माणसानं वाकायचं, हात खाली न्यायचा. आमच्या औंढ्यालाही नागनाथ असाच खाली आहे, वाकल्याशिवाय भेटत नाही. मी हळद वाहिली, एक हळकुंड त्या पाण्याला लावून घेतलं. बोलणं बंद होतं ना आमचं, तर काहीच मागितलं नाही. मागायचं सुचलंही नाही. हात ओला होता आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी कुणाशी भांडत नव्हते.

बाहेर येऊन सुभाषला फोन लावला. त्यानं तो काकूंच्या हातात दिला. "वाहिली का?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. हे समोरून हातानं खुणा करत होते, नुसतं व्हय म्हण, व्हय म्हण. पण मी पहिल्यापासून सांगितलं. पाकीट, ब्लेड, चोर, म्हातारी, गोणपाट. काहीच लपवलं नाही. बोलून झाल्यावर फोन कट तर झाला नाही ना म्हणून मी तो कानावर दाबून धरला. मला वाटलं, झालं. ही बाई आता भिंतीकडे तोंड करणार आणि त्याला मी कारण होणार.

"पोत्यावर वसमत लिव्हलं व्हतं?" काकूंनी विचारलं.

"व्हय काकू. मी बोटानं वाचलं."

"मग माझीच म्हण की," त्या म्हणाल्या. "माझी हळद दरसाल दुसरीकडं कुठं जाते? मी तिला वसमतला सोडते, म्होरं ती कुठं जाते मला काय ठावं. मला वाटलं तू नेशील, तर ती आधीच जाऊन बसली!" आणि मग फोन तोंडापासून लांब नेऊन, पण मला स्पष्ट ऐकू येईल असं, "सुभाष, उठ. पिशवी काढ माझी."

मी रस्त्यातच फतकल मारून बसले आणि हसले. विमलताई धावत आल्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी मला हाताला धरून उठवलं. आदल्या दिवशी एवढ्या हसल्या होत्या त्या, पण पुढे लुंबिनीला त्यांनी काकूंच्या नावानं एक मेणबत्ती लावली.

परतल्यावर देवीच्या पाण्याला लागलेलं ते हळकुंड मीच काकूंच्या मनगटाला बांधलं. नर्सनं ऑपरेशनच्या आधी ते काढायला सांगितलं तेव्हा मी तिच्याशी वाद घालायला निघाले होते, पण काकूंनीच दोरा सोडून ते माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, आता तू धर, मी येते. गाठ निघाली, आणि तपासणीत ती साधी निघाली. महिन्याभरात काकू अंगणात येऊन बसायला लागल्या आणि सुनेला भाजी कशी चिरावी ते सांगायला लागल्या, म्हणजे बऱ्याच झाल्या असं आम्ही धरून चाललो. हा चमत्कार आहे असं मी कुणाला सांगत नाही. वसमतची हळद देशोदेशी जाते, हे तर मोंढ्यातला कुणीही हमाल सांगेल. पण मला बसायला दगड गार लागला, त्या म्हातारीनं तेच गोणपाट आणलं आणि नेमकी तीच घडी माझ्या हातात उलगडली, एवढं मी कुणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय राहत नाही.

तांदळाची लाल पुरचुंडी देवघरात वाट पाहत होती. काकूंना प्रवास झेपायला लागल्यावर आम्ही एका सोमवारी औंढ्याला गेलो. गाभाऱ्याची उतरण अरुंद आणि उभी, काकूंना खाली जाणं शक्यच नव्हतं. त्या वर सभामंडपात खांबाला टेकून बसल्या आणि मला म्हणाल्या, "त्या म्हातारीचं नाव घेऊन वाहा हां." मी कपाळावर हात मारला. नावच विचारलं नव्हतं! एवढं रडले, एवढं बोलले, आणि जिनं माझा हात धरला तिचं नाव विचारायचं राहिलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या, "देवाला ठावं हाय गोणपाट कोणी दिलं ते." मग त्यांनी ओटीतली बेलाची पानं चाचपली, एक चांगलं तीन दळांचं पान निवडलं आणि माझ्या हातातल्या पुरचुंडीवर ठेवलं.

"हे तुमचं?" मी विचारलं.

"माझं पोचलं की मागंच," त्या म्हणाल्या. "हे त्या पोराचं. ज्यानं पाकीट नेलं त्याचं. काहून चोरी करून राहिला कोणाला माहीत, काही तकलीफ असंल. माझ्या वावरातली हळद त्याच्या घरी गेली, पोरी. त्याच्या बायकोनं भाजीत टाकली असंल, लेकरांनी खाल्ली असंल. वाहा त्याच्या बी नावानं."

त्या चोराला त्या संध्याकाळपासून मी काय काय शिव्या दिल्या होत्या ते माझं मला माहीत. मी खाली उतरले, एका हातात म्हातारीचे तांदूळ आणि दुसऱ्या हातात त्याचं पान घेऊन. दोघांचीही नावं मला माहीत नव्हती. खाली उजेड कमी होता, पुढच्या माणसाच्या पाठीला हात लावत सरकायचं होतं. देवापुढे वाकले तेव्हा काठमांडूच्या त्या रात्रीनंतर मी पहिल्यांदाच त्याच्याशी आपणहून बोलले. म्हटलं, ही दोन माणसं पाठवलीस, बरं केलंस. आणि दोन्ही हात रिकामे करून वर आले.